उघडत नाही ती वस्तू आपली नव्हे

‘अपग्रेड’ हा शब्द आता मराठी झाला आहे. टेबल, स्टेशन, पेन्सिल ह्यांच्या पंक्तीला तो येऊन बसला, ह्याबद्दल माझी तक्रार नाही. आपल्या भाषेने आजवर असे कितीतरी पाहुणे जेवू घातले आहेत. माझी तक्रार आहे ती ह्या पाहुण्याच्या वर्तनाविषयी. दिवाळी जवळ आली की वर्तमानपत्रांची पहिली पाने तो व्यापून टाकतो. ‘जुना लॅपटॉप द्या, नवा घ्या, अपग्रेड व्हा!’ म्हणजे वस्तू राहिली बाजूला, माणसानेच अपग्रेड व्हावयाचे! ज्याच्या घरात चार वर्षांपूर्वीचे यंत्र आहे तो गृहस्थ जणू खालच्या इयत्तेत नापास होऊन बसला आहे आणि पैसे भरल्यावाचून त्याला कोणी वर चढवणार नाही, असा ह्या जाहिरातींचा सूर असतो.

ह्या शब्दाचा खरा अर्थ आमच्या सिन्नर तालुक्यातल्या, शाळेची पायरी न चढलेल्या शेतकऱ्यालाही ठाऊक आहे. त्याच्या आज्याने विहीर खणली आणि तिच्यावर मोट चालवली. बापाने मोट काढून तेलावरचे इंजिन बसवले. त्याने स्वतः इंजिन काढून विजेची मोटर बसवली. आता त्याचा मुलगा सौर पंपाचा अर्ज भरतो आहे. विहीर मात्र तीच आहे. मधूनमधून तिचा गाळ काढला, चार हात खोल नेली, दरड ढासळली तिथे बांधून घेतली. ह्याला म्हणावे अपग्रेड! इंजिन बिघडले म्हणून विहीर बुजवा आणि शेजारी दुसरी खणा, असा सल्ला द्यायला कोणी आला असता तर त्या शेतकऱ्याने त्याला पाण्याचेही न विचारता वाटेला लावले असते. लॅपटॉपच्या बाबतीत मात्र हाच सल्ला आपण शिकलीसवरली माणसे मुकाट्याने ऐकतो, आणि वर त्याचे हप्ते भरतो.

मी यंत्रशास्त्रातला पंडित नव्हे. मुसळगाव आणि माळेगाव येथल्या औद्योगिक वसाहतींतील लहानसहान कारखानदारांचे जमाखर्च लिहिणे हा माझा उद्योग. त्यामुळे कोणत्याही वस्तूकडे एका डोळ्याने जमेच्या बाजूने आणि दुसऱ्या डोळ्याने खर्चाच्या बाजूने पाहावयाची खोड मला लागली आहे. ह्या लेखात मी जे भांडण मांडणार आहे, ते त्या खोडीतूनच निघालेले आहे.

माझ्या टेबलावरचा लॅपटॉप थिंकपॅड घराण्यातला. हे घराणे 1992 साली आयबीएम ह्या अमेरिकन कंपनीने सुरू केले, आणि 2005 साली ते लेनोव्हो ह्या चिनी कंपनीकडे गेले. माझे मॉडेल टी 420; ते 2011 साली बाजारात आले. एका कार्यालयात तीन वर्षे राबलेले असे ते मी 2014 साली 17,500 रुपयांना विकत घेतले. रूप म्हणाल तर काळे, चौकोनी, खतावणीसारखे जाड. वजन दोन किलोंहून अधिक. आमच्या सौभाग्यवती त्याला ‘पाटा’ म्हणतात. ही उपमा त्यांना वाटते त्यापेक्षा फार नेमकी आहे. कशी, ते पुढे सांगतो.

धडधाकट यंत्र तीन वर्षांतच विकायला का निघते, असे कोणी विचारील. त्याचे एक उत्तर आमच्या धंद्याच्या पुस्तकात आहे. 2013 च्या कंपनी कायद्याला एक दुसरे परिशिष्ट जोडलेले आहे. कोणत्या मालमत्तेचे ‘उपयुक्त आयुष्य’ किती धरावे, हे त्यात लिहिले आहे. सर्वसाधारण यंत्रसामग्रीला 15 वर्षे, फर्निचरला 10 वर्षे आणि लॅपटॉपला किती, तर 3 वर्षे! वेगळे आयुष्य धरावयाचे तर धरता येते, पण त्याचे कारण द्यावे लागते. आणि कारणे देत बसण्यापेक्षा तीन वर्षांनी निरोप देणे कोणत्याही कार्यालयाला सोपे. प्राप्तिकराच्या नियमांतही संगणकावर वर्षाला 40 टक्के घसारा मिळतो. 2017 पर्यंत तर तो 60 टक्के मिळे. हिशेबनीस ह्या नात्याने ह्या आकड्यांशी माझे वैर नाही. वहीत वस्तूची किंमत उतरते तशी उतरू द्यावी. पण वहीतले मरण निराळे आणि टेबलावरचे मरण निराळे. वहीत मेलेली वस्तू टेबलावर जिवंत असेल, तर तिला कागदाच्या हुकमावरून स्मशानात नेणे हा शहाणपणा नव्हे.

आता माझाच हिशेब वाचकांपुढे ठेवतो. 2014 साली खरेदी 17,500 रुपये. 2015 साली मेमरी 4 जीबीची 8 केली, 2,400. 2017 साली हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली, 6,200. 2018 साली बॅटरी बदलली, 2,600. 2020 साली कीबोर्ड नवा घातला, 1,500. 2021 साली पंखा बदलून प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट नव्याने लावली, 1,100. 2022 साली मेमरी 8 ची 16 जीबी केली, 2,800. 2023 साली पुन्हा बॅटरी, 2,900. एकूण 37,000 रुपये. 2014 ते 2025 ह्या 11 वर्षांवर हा खर्च वाटला तर वर्षाला 3,364 रुपये पडतात, म्हणजे दिवसाला सव्वानऊ रुपयेसुद्धा नव्हेत. बसस्थानकासमोर एक कप चहा त्यात येत नाही! ह्याच काळात जाहिरातीचे ऐकून दर चार वर्षांनी 45,000 रुपयांचा एक, असे तीन लॅपटॉप मी घेतले असते, तर 1,35,000 रुपये गेले असते. फरक 98,000 रुपयांचा. एवढ्या पैशात आमच्या तालुक्यात मुलाचे किंवा मुलीचे पदविकेचे शिक्षण बऱ्यापैकी मार्गी लागते.

ह्या खर्चांतला सर्वांत मोठा म्हणजे 2017 सालचा. तो का केला, हे थोडे सांगितले पाहिजे. जुन्या हार्ड डिस्कमध्ये ग्रामोफोनसारखी एक तबकडी गरगर फिरत असते आणि तिच्यावरची अक्षरे वाचण्यासाठी एक बारीक दांडी इकडून तिकडे धावत असते. लॅपटॉप ‘म्हातारा झाला’ असे आपण म्हणतो, तेव्हा पुष्कळ वेळा प्रोसेसर बिचारा तरुणच असतो. ह्या दांडीची वाट पाहत तो ताटकळत बसलेला असतो. एसएसडीत फिरणारे काहीच नसते. ती बसवल्यावर माझे जे यंत्र सुरू व्हायला दोन मिनिटांहून अधिक वेळ घेई, ते अर्ध्या मिनिटाच्या आत कामाला लागले. चिरंजीव त्या वेळी शाळेत होते. ते म्हणाले, “बाबा, तुम्ही नवा घेतलात आणि आम्हाला सांगितले नाहीत?” मी त्यांना काढलेला एकच स्क्रू दाखवला. डिस्कचे झाकण त्या एका स्क्रूवर होते.

माझ्या सगळ्या युक्तिवादाचे मूळ त्या स्क्रूपाशी आहे. हे यंत्र टिकले ते त्याचे पोलाद फार कठीण होते म्हणून नव्हे. बॅटरी थकली, पंखा झिजला, कीबोर्डाची अक्षरे उडाली; इतर कोणत्याही यंत्राचे होते तेच त्याचे झाले. परंतु ज्यांनी ते घडवले त्यांनी, हे कधीतरी उघडावे लागेल, असे गृहीत धरले होते. बॅटरी खिट्टी सरकवून बाहेर येते. मेमरी खाचेत बसवलेली आहे. कोणता स्क्रू किती लांबीचा, कोणता भाग आधी काढावयाचा, ह्याची चित्रांसह पुस्तिका कंपनीने स्वतः प्रसिद्ध केली आणि ती कोणालाही फुकट वाचता येते. माणूस मर्त्य आहे हे ओळखून वैद्य तयार करतात. यंत्र झिजणारे आहे हे ओळखून ते यंत्र तयार केले, एवढेच.

ह्याच्या उलट बाजूची हकीकतही सांगितली पाहिजे. आमच्या आळीत एक मुलगी आहे. तिची आई विड्या वळते. सिन्नरकरांना ह्याहून अधिक सांगावयास नको. मांडीवर सूप घेऊन, तेंदूची पाने कातरून ज्यांनी मुले शिकवली, अशा बायकांचे हे गाव आहे. 2020 साली शाळा-कॉलेजे बंद पडली आणि शिक्षण पडद्यावर आले, तेव्हा त्या माउलीने पतसंस्थेचे कर्ज काढून मुलीला 34,000 रुपयांचा नवा लॅपटॉप घेऊन दिला. चकचकीत, पातळ, रुपेरी. कंपनीचे नाव सांगत नाही. सांगण्यात अर्थही नाही, कारण हा गुण एका कंपनीचा राहिलेला नाही. त्यात मेमरी 4 जीबी होती. 2023 साली पदविकेच्या वर्गात नकाशे काढावयाचे सॉफ्टवेअर आले, आणि ते 4 जीबीत हलेना. ती माझ्याकडे आली. म्हणाली, “काका, तुमच्या लॅपटॉपला केलीत तशी माझ्याही लॅपटॉपची मेमरी वाढवून मिळेल का?”

मी तो लॅपटॉप उलटा केला. खाली एकही झाकण नव्हते. दुरुस्ती करणाऱ्या मुलाने निराळ्या तोंडाचा स्क्रू ड्रायव्हर आणून, कडेने पट्टी घालून, तो मोठ्या शर्थीने उघडला. आत मेमरीला खाच नव्हती. ती मदरबोर्डावरच झाळून टाकलेली होती. बॅटरी डिंकाने चिकटवलेली, आणि एका बाजूने फुगू लागलेली. अधिकृत केंद्रात विचारले, तर सगळा मदरबोर्ड बदलण्याचे 21,000 रुपये सांगितले, आणि जाता जाता, नवा घ्याल तर सूट देऊ, असाही आपुलकीचा सल्ला दिला. मेमरीची एक पट्टी त्या वेळी 1,500 रुपयांना मिळे. 1,500 रुपयांच्या कामासाठी 34,000 रुपयांचे यंत्र बाद झाले; आणि त्या यंत्राचे 36 पैकी 4 हप्ते अजून भरावयाचे होते!

वाचकहो, त्या मायलेकींनी नेमके काय विकत घेतले होते? मालकी ह्या शब्दाला काही अर्थ असेल, तर तो एवढाच की, जी वस्तू माझी आहे ती मला उघडता यावी, नीट करता यावी, वाढवता यावी. घर माझे, पण गळके कौल बदलावयाचे नाही. बैलगाडी माझी, पण चाकाला धाव बसवावयाची नाही. शिलाईचे यंत्र माझे, पण सुई मोडली तर सगळे यंत्रच कारखान्यात पाठवावयाचे: अशा अटींवर आपल्या आजोबांनी व्यवहार केला नसता. अशा व्यवहाराला ते भाड्याचा व्यवहार म्हणाले असते. भाडे तरी महिन्याच्या महिन्याला द्यावे लागते. इथे सगळ्या वर्षांचे भाडे आगाऊ घेतात आणि घर केव्हा खाली करावयाचे तेही घरमालकच ठरवतो.

ह्यावर जे आक्षेप येतात ते मला पाठ आहेत. घरातच येतात!

पहिला आक्षेप असा की, लॅपटॉप पातळ आणि हलका व्हावयाचा असेल तर त्याला चिकटवणे, झाळणे भागच आहे. 2012 साली अ‍ॅपलने आपला रेटिना पडद्याचा मॅकबुक प्रो आणला, त्यात मेमरी झाळलेली आणि बॅटरी चिकटवलेली होती. सगळ्या जगाने त्याच्या पातळपणाचे कौतुक केले आणि इतर कंपन्यांनी कित्ता गिरवला. झाळलेल्या मेमरीचे काही फायदे आहेत, हे मी नाकारीत नाही. ती थोडी जागा वाचवते, वीजही वाचवते, आणि तिचे काही प्रकार वेगवान असतात. परंतु 2021 साली अमेरिकेतल्या फ्रेमवर्क नावाच्या एका लहान, नव्या कंपनीने जो लॅपटॉप आणला, त्याचे वजन सुमारे 1.3 किलो आणि जाडी 16 मिलिमीटरच्याही आत होती. आणि त्याची मेमरी, डिस्क, बॅटरी, पडदा, कीबोर्ड, इतकेच काय, मदरबोर्डसुद्धा घरच्या घरी बदलता येत होता. पुढच्या वर्षांत निघालेले मदरबोर्ड त्याच जुन्या कवचात बसतील, अशी सोय त्या कंपनीने ठेवली. नवख्याला जे जमले ते मातब्बरांना जमत नाही, असे कसे मानावे? जमत नाही आणि जमवायचे नाही ह्यांतला फरक कोणत्याही गृहिणीला चांगला कळतो.

दुसरा आक्षेप विजेचा. जुने यंत्र वीज जास्त खाते. खाते खरे. नव्यापेक्षा 20 वॉट अधिक धरा. रोज 8 तास, वर्षाचे 300 दिवस, म्हणजे वर्षाला 48 युनिटे. युनिटला 10 रुपये धरले तरी 480 रुपये. तेवढे मी आनंदाने भरतो. आणि पर्यावरणाचीच काळजी असेल, तर हेही लक्षात घ्या की लॅपटॉपच्या आयुष्यात जो धूर आकाशात जातो, त्याचा मोठा वाटा तो वापरताना नव्हे, तो तयार होताना जातो. बॅटरीतला कोबाल्ट बहुतांशी काँगोच्या खाणींतून येतो. आणि टाकून दिलेली यंत्रे जातात कोठे? दिल्लीच्या सीलमपूरसारख्या वस्त्यांत माणसे ती हातांनी फोडतात, तारा जाळतात, आम्लात बुडवून तांबे काढतात. आपल्या घरातून वस्तू गेली म्हणजे जगातून गेली, असे नव्हे.

तिसरा आक्षेप मात्र वजनदार आहे, आणि तो सुरक्षिततेचा. जुन्या यंत्रावरच्या जुन्या प्रणालीत चोर शिरतात. हा आक्षेप मान्य. पण त्यावर जो उपाय सांगतात तो आजार म्हशीला आणि औषध पखालीला, ह्या जातीचा आहे. 14 ऑक्टोबर 2025 रोजी, ऐन दिवाळीच्या तोंडावर, मायक्रोसॉफ्टने 2015 पासून चालत आलेल्या विंडोज 10 ची नेहमीची सेवा थांबवली. ज्यांना हवी त्यांना ऑक्टोबर 2026 पर्यंत सुरक्षेची वाढीव मुदत देऊ केली, आणि पुढचा रस्ता दाखवला तो विंडोज 11 चा. पण विंडोज 11 च्या दारात पहारा आहे. इंटेलचा प्रोसेसर असेल तर तो साधारण 2017 नंतरच्या पिढीचा हवा, आणि टीपीएम 2.0 नावाची सुरक्षेची सोय हवी. यंत्र चालते की नाही, काम करते की नाही, हा प्रश्नच नाही. सेवानिवृत्त माणूस नोव्हेंबरात स्वतःच्या पायांनी बँकेत यावा, साहेबासमोर उभा राहून बोलावा, आणि साहेबाने त्याला हयातीचा दाखला नाकारावा, अशातली ही गोष्ट!

माझा लॅपटॉप त्या रांगेत 2011 चा म्हणून सर्वांच्या मागे उभा होता. मी त्याच्यावर डेबियन ही लिनक्सची प्रणाली बसवली. 1993 पासून जगभरचे स्वयंसेवक ती घडवीत आले आहेत. तिला मोल पडत नाही आणि सुरक्षेचे बदल तिला नियमाने मिळतात. टॅलीचे काम मी ज्यांचे हिशेब लिहितो त्यांच्याच कार्यालयातल्या संगणकावर चालते. माझ्या यंत्रावर तक्ते, पत्रे, बँकेचे व्यवहार आणि ब्राउझरमधून भरावयाची जीएसटीची विवरणपत्रे. त्यांपैकी काहीही अडले नाही. मराठीही सुरेख उमटते. हा लेख त्याच्यावरच टंकला आहे. प्रत्येकाने हेच करावे असे मी म्हणत नाही. ज्याचे काम एखाद्या विशिष्ट सॉफ्टवेअरवाचून चालत नाही त्याची अडचण खरी आहे. माझे म्हणणे इतकेच की, आजार सॉफ्टवेअरचा असताना लोखंडाला जाळू नका.

चौथा आक्षेप आमच्या गावाला शोभणारा आहे. सगळेच दुरुस्त्या करू लागले तर कारखाने कसे चालतील? सिन्नर तर वसाहतींवर जगणारे गाव! ह्याचे उत्तर त्याच वसाहतींत जाऊन पाहावे. तिथे तीस-तीस वर्षांची लेथ यंत्रे चालताना मी पाहतो. मालक त्यांचे बेअरिंग बदलतो, गिअर बदलतो, अलीकडे कोणी त्यांना अंकांचे पडदेही बसवून घेतो. लेथ जुनी झाली म्हणून कारखाना बुडाला, असे माझ्या कोणत्याही वहीत लिहिलेले नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1903 साली बेळगावात लोखंडी नांगर केला. लोखंडी नांगराचा फाळ झिजला तर फाळच बदलावा, नांगर भंगारात घालू नये, हे साधे तत्त्व होते. म्हणून तर शेतकऱ्याचा लोखंडावर विश्वास बसत गेला. आणि दुरुस्ती हाही रोजगारच आहे की! माझ्या लॅपटॉपवर 11 वर्षांत दुरुस्तीचे जे पैसे खर्च झाले, त्यांतली मजुरी ह्याच गावच्या एका तरुणाच्या घरात गेली. नव्या लॅपटॉपचे पैसे गेले असते ते कोणत्या समुद्रापलीकडे, ते मला सांगता येणार नाही.

आता त्या पाट्याची गोष्ट. पूर्वी गल्लीतून ‘टाकी लावायची का, टाकी?’ अशी हाक येई. पाटा गुळगुळीत झाला की टाकीवाली बाई ओट्यावर बसून छिन्नीने त्याच्यावर नव्या खाचा पाडी, आणि पाटा पुन्हा पहिल्यासारखा वाटू लागे. तिच्या मागोमाग कल्हईवाला येई. त्याच्यामागून छत्र्यांच्या काड्या बसवणारा, स्टोव्हचा वॉशर बदलणारा. घरात जुन्या लुगड्यांची गोधडी होई. त्या दिवसांत सगळे छान होते, असे खोटे मी सांगणार नाही. गरिबी होती, आणि गरिबीला कोणी उगाच हार घालू नयेत. परंतु त्या लोकांना एक गोष्ट पक्की ठाऊक होती. वस्तू झिजते, हा तिचा दोष नव्हे. झिजलेली वस्तू पुन्हा कामाला लावता येत नसेल, तर तो घडवणाऱ्याचा दोष. आम्ही मात्र झिजेची लाज बाळगू लागलो. मुलाच्या वर्गात इतरांचे लॅपटॉप रुपेरी आहेत आणि आपला काळा, म्हणून त्याला कमीपणा वाटतो. आणि तो कमीपणा पुसण्यासाठी आपण कर्ज काढतो. कंपन्यांच्या डिंकापेक्षा हा मनाचा डिंक अधिक चिवट आहे.

‘जुने ते सोने’ ही म्हण मला इथे मुळीच नको आहे. जुने तेवढे सोने नसते. माझ्या लॅपटॉपचा पडदा आजच्या मानाने फिका आहे, आणि चलच्चित्रे जोडावयाचे काम मी त्याला सांगणार नाही. ज्याला खरोखर गरज आहे त्याने नवा जरूर घ्यावा. लॅपटॉप गोंदेश्वराच्या देवळासारखा यादवकाळापासून आजपर्यंत टिकावा, असाही माझा हट्ट नाही. 10 वर्षे पुरेत! पण ती 10 वर्षे गिऱ्हाइकाच्या हातात असावीत, विक्रेत्याच्या मर्जीवर नसावीत.

हे मागणे म्हणजे आकाशातला चंद्र मागणे नव्हे. फ्रान्समध्ये जानेवारी 2021 पासून लॅपटॉपसह काही वस्तूंवर, ती किती सहज दुरुस्त होते ह्याचे 10 पैकी गुण छापावे लागू लागले. युरोपीय संघाच्या 2023 च्या नियमाप्रमाणे, 18 फेब्रुवारी 2027 पासून लहान उपकरणांतल्या बॅटऱ्या वापरणाऱ्याला स्वतः काढता-घालता आल्या पाहिजेत. आपल्याकडेही 2022 साली केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्काचा विचार करण्यासाठी समिती नेमली. शेतीची अवजारे, मोबाइल, घरगुती उपकरणे, मोटारी असे विषय तिच्यापुढे ठेवले, आणि त्याच वर्षी 24 डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, दुरुस्तीची माहिती देणारे संकेतस्थळही सुरू केले. पाऊल योग्य दिशेने पडले. पण माहिती देणे निराळे आणि कायद्याने बांधणे निराळे. पाण्याचा पत्ता सांगितल्याने तहान भागत नाही.

म्हणून माझ्या मागण्या चार. बॅटरी, मेमरी आणि डिस्क ह्या तीन वस्तू साध्या स्क्रू ड्रायव्हरने बदलता आल्याच पाहिजेत. सुटे भाग आणि दुरुस्तीची पुस्तिका विक्रीनंतर 10 वर्षे वाजवी किमतीत, गल्लीतल्या कारागिरालाही मिळाली पाहिजे. दुरुस्तीचे गुण खोक्यावर, किमतीच्या शेजारी, मोठ्या अक्षरांत छापले पाहिजेत. आणि कंपनी कायद्याच्या परिशिष्टातले ते 3 वर्षांचे आयुष्य आता वाढवावे. कारखान्यातल्या यंत्राला 15 वर्षे देणाऱ्यांना लॅपटॉपला 6 वर्षे देणे जड जाऊ नये.

कायदा व्हायचा तेव्हा होईल. दिवाळी मात्र दारात आहे, आणि पुष्कळ घरांत ह्या आठवड्यात बोनसच्या पैशांचा विचार चालू असेल. दसऱ्याच्या खंडेनवमीला आपण हत्यारांना हळदकुंकू वाहिले. त्यात पुष्कळांनी लॅपटॉपही ठेवला असेल. ज्याची पूजा केली त्याला वीस दिवसांनी भंगारात देण्यापूर्वी एकदा गावातल्या दुरुस्तीवाल्याकडे न्या, आणि एसएसडी, मेमरी, बॅटरी ह्यांचा खर्च काढून घ्या. त्यानंतरही नवा घ्यावासा वाटला तर खुशाल घ्या. पण पैसे मोजण्यापूर्वी दुकानदाराला तीन प्रश्न विचारा. मेमरी वाढवता येते का? बॅटरी मला बदलता येते का? हे कुठून उघडते? तो हसेल. शेजारचे गिऱ्हाईकही हसेल. हसू द्या. सिन्नरच्या एका दुकानात दिवसाला दहा माणसांनी हेच विचारले, तर अकराव्या दिवशी दुकानदार नाशिकच्या वितरकाला विचारील, आणि वितरक कंपनीला. विकणारा गिऱ्हाइकाच्या नीतीला भीत नसेल. गिऱ्हाइकाच्या पाठ फिरवण्याला तो निश्चित भितो.